अंदाजपत्रकात आपली ओळ कोठे आहे?

संस्था चालविणाऱ्यांना दोन वह्या ठेवाव्या लागतात. एक देणग्यांची, दुसरी खर्चाची. या दोन वह्यांचा मेळ घालता घालता कार्यकर्त्यांचे केस पांढरे होतात. आपल्या समाजाच्या वसतिगृहांनी आणि निवासी विद्यालयांनी हा मेळ वर्षानुवर्षे घातला, तो मूठभर धान्यातून, वर्गणीच्या पावत्यांतून आणि पहिल्या पगारातून पाठविलेल्या मनीऑर्डरींतून. त्या दानाचे मोल आम्ही तसूभरही कमी लेखत नाही. परंतु तिसरी एक वही आहे, आणि तीत आपला पैसा या दोन्ही वह्यांहून कितीतरी अधिक आहे. ती वही शासनाची, म्हणजेच अंदाजपत्रक.

अंदाजपत्रक हे मंत्र्यांचे आणि सचिवांचे काम, सामाजिक संस्थांनी मुले शिकवावीत, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हे मत मान्य नाही. शासनाची उणीव आपल्या झोळीतून भरून काढणे हे संस्थांचे एक काम झाले. शासनाला आपले कर्तव्य त्याच्याच तिजोरीतून करावयास लावणे हे दुसरे, आणि आमच्या मते अधिक मोठे.

या कामाची परंपरा पुण्यातच आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या मंडईच्या इमारतीवरील खर्चही त्यांना रुचला नव्हता. त्याच मंडईला आज त्यांचे नाव आहे. पुढे १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात त्यांनी हाच मुद्दा साऱ्या राज्यकारभारास लावला. महसूल गोळा होतो कष्टकरी रयतेकडून आणि शिक्षणाचा लाभ जातो वरच्या वर्गांकडे, म्हणून प्राथमिक शिक्षणावरील खर्च वाढवा, अशी ती मांडणी होती. पैसा कोणाकडून येतो आणि कोणाकडे जातो, हे दोन प्रश्न एकमेकांशेजारी ठेवणे, यालाच आज अंदाजपत्रकाचे विश्लेषण म्हणतात.

बाबासाहेब तर या विषयाचे पंडितच. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि दोन वर्षांनी ते मुंबई विधिमंडळात गेले. मार्च १९२७ मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी एक साधा हिशेब सभागृहापुढे ठेवला. सरकार दरडोई शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून मात्र दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन आयोगाला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या स्थितीविषयी निवेदन दिले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, निवेदन देणारी ही एक सामाजिक संस्था होती, आणि ती त्याच काळात सोलापुरात वसतिगृहही चालवीत होती. एका हाताने मुलांना जेवू घालावे आणि दुसऱ्या हाताने सरकारपुढे हिशेब मांडावा, हा तिचा शिरस्ता. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी किती जणांची पदवी त्या एका ओळीवर उभी आहे, याची मोजदाद ज्याने त्याने आपल्या घरापासून करावी.

तीच ओळ अलीकडे पुसट होत चालली होती. केंद्र व राज्य यांच्यातील खर्चवाटपाचे सूत्र असे होते की, केंद्राचा वाटा आक्रसत गेला आणि राज्यांवर भार पडला. शुल्क थकले, महाविद्यालयांनी मुलांची कागदपत्रे अडविली. देशभरातील दलित संघटनांनी, विद्यार्थ्यांनी आणि काही राज्य सरकारांनी हा प्रश्न सातत्याने लावून धरला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली आणि केंद्राचा वाटा ६० टक्के ठरविला. सूत्र बदलले की हजारो मुलांचे नशीब बदलते. घोषणेपेक्षा सूत्राकडे पाहावे, ते एवढ्यासाठीच.

या पुण्यातच घडलेले आणखी एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया बहुतांशी दलित समाजातील. १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संघटनेने दयेची याचना केली नाही. या स्त्रिया रोज किती कचरा वेचतात, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा व विल्हेवाटीचा किती खर्च वाचतो, याचा अभ्यास करून आकडा मांडला गेला. ज्यांना शहर उपद्रव समजत होते, त्या शहराच्या पैशाची बचत करीत आहेत, हे कागदावर सिद्ध झाले. त्यानंतर २००२-०३ च्या सुमारास पुणे महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता आपल्या अंदाजपत्रकातून भरावयास प्रारंभ केला, आणि २००८ साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा संकलनाचा करार केला. लिहिता-वाचता न येणाऱ्या आयाबहिणींनी महापालिकेच्या वहीत आपली ओळ लिहविली. शिकलेल्यांनी यापासून शिकावे.

आता उपयोजनेकडे वळू. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतील निधी वेगळा काढावा, हे धोरण १९७९-८० पासूनचे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. धोरण चांगले, परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. निधी कागदावर दाखवावयाचा आणि मार्चअखेर अखर्चित ठेवावयाचा, किंवा दुसरीकडे वळवावयाचा, ही त्याची दुखरी बाजू. २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी हे उघड झाले. एका स्वयंसेवी संस्थेने माहितीच्या अधिकाराखाली कागदपत्रे मिळवून दाखवून दिले की, दिल्ली सरकारच्या उपयोजनेतील सुमारे ७४४ कोटी रुपये काही वर्षांत स्पर्धांशी संबंधित कामांकडे वळविण्यात आले. दलित संघटनांनी तो प्रश्न उचलला, आणि केंद्रीय गृहमंत्र्यांना निधी वळविला गेल्याचे राज्यसभेत मान्य करावे लागले. एक अर्ज, काही कोष्टके आणि न थकणारी माणसे, एवढ्या भांडवलावर हे झाले.

महाराष्ट्रातही हा प्रश्न शिळा झालेला नाही. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वर्ग झाल्याचे समोर आले, तेव्हा खुद्द संबंधित मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या योजनेत आपल्याही भगिनी आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांच्या हातात पैसा जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, एका बहिणीच्या ओवाळणीसाठी दुसऱ्या बहिणीच्या लेकराचे वसतिगृह गहाण पडू नये. आंध्र प्रदेश व कर्नाटक यांनी २०१३ साली उपयोजनेला कायद्याचे बळ दिले. आंध्रात त्यामागे संघटनांचे दीर्घ आंदोलन होते. कायद्यातही पळवाटा राहतात, हे कर्नाटकाच्या अनुभवाने दाखविले. तरीही कायदा असला की जाब विचारण्यास आधार राहतो. महाराष्ट्रातील संघटनाही अनेक वर्षे असा कायदा मागत आहेत. त्या मागणीमागे आपल्यासारख्या प्रत्येक संस्थेने उभे राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रक्कम मंजूर होणे वेगळे आणि ती पुरणे वेगळे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आणली. पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यांत भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. बारा महिन्यांनी भागले तर भोजनास महिन्याकाठी २,६६७ रुपये आणि खोलीभाड्यास १,६६७ रुपये येतात. पुण्यात या भाड्यात खाट तरी मिळते काय, हे पालकांना आम्ही सांगावयास नको. महागाई दरवर्षी वाढते. रुपयांत गोठविलेला दर दरवर्षी घटतो. म्हणून दर महागाई निर्देशांकाशी जोडावेत, ही मागणी ‘अनुदान वाढवा’ या मोघम मागणीपेक्षा अधिक नेमकी, आणि म्हणूनच टाळण्यास अधिक कठीण.

पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याचा उपक्रम चालविला आहे. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा, आपल्या प्रभागातील छोटे काम सुचवावे, अशी त्याची रीत. त्यासाठीही शहरातील संस्थांनी खटपट केली होती. पण अर्ज भरतो कोण? ज्याच्यापाशी वेळ, माहिती आणि ओळख, तो. मग बाकडी, पदपथ आणि नामफलक पुढे येतात. वस्तीतील शौचालय, अभ्यासिका आणि दिवा मागे राहतात. दार उघडे असूनही आपण आत गेलो नाही, तर आतल्यांनी आपले ताट वाढून ठेवावे, ही अपेक्षा व्यर्थ होय.

वेळेचे भान हीसुद्धा एक विद्या आहे. राज्याचे अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडले जाते, परंतु विभागांचे प्रस्ताव कित्येक महिने आधी तयार होतात. जिल्हा नियोजन समितीचा आराखडाही त्याआधीच ठरतो. मार्चमध्ये निवेदन देणे म्हणजे पेरणी उरकल्यावर बियाणे निवडणे. पावसाळा संपता संपता मागणी आकड्यांसह विभागाकडे पोहोचावी, हिवाळ्यात लोकप्रतिनिधींच्या हाती टिपण द्यावे, आणि अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर मंजूर किती, वितरित किती आणि खर्च किती, हे तीन आकडे तिमाहीस विचारावेत.

दोन आक्षेप आमच्या कानी येतात. पहिला असा की, ज्याच्या हातून अनुदान घ्यावयाचे त्याच्याच वहीवर बोट कसे ठेवावे? ही भीती खोटी नाही. एकट्या संस्थेने बोट ठेवले तर बोटच कापले जाते. म्हणून संस्थांनी संघ करून बोलावे. दहा संस्थांच्या सहीचे टिपण कोणा एकीवर रोष ओढवून आणीत नाही. दुसरा आक्षेप असा की, निवडून न आलेल्यांनी लोकांच्या पैशाची दिशा का ठरवावी? त्यांनी ठरवू नयेच. संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे वार्षिक वित्तीय विवरणपत्र विधिमंडळापुढे येते, आणि निर्णय तेथेच व्हावा. परंतु दुर्बल घटकांच्या शैक्षणिक व आर्थिक हिताची विशेष काळजी घेण्यास अनुच्छेद ४६ राज्याला सांगतो. त्या काळजीचे रुपयांत काय झाले, हे विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे. मात्र विचारणाऱ्याची स्वतःची वही आधी उघडी हवी. देणगीचा पैन् पै हिशेब फलकावर लावणारी संस्थाच तिजोरीचा हिशेब मागू शकते.

माजी विद्यार्थ्यांपाशी आमचे एक मागणे आहे. आपल्यांत कोणी सनदी लेखापाल झाले, कोणी कोषागारात आहेत, कोणी वकील, कोणी पत्रकार. देणगी आपण देताच. वर्षातून चार रविवारही द्यावेत. विद्यालयात एक लहान अंदाजपत्रक अभ्यास मंडळ स्थापन व्हावे. त्याने सामाजिक न्याय विभागाच्या मागण्या, जिल्ह्याची उपयोजना आणि महापालिकेचे अंदाजपत्रक, एवढे तीनच दस्तऐवज दरवर्षी वाचावेत व त्यांचे चार पानी सुबोध टिपण पालकांपर्यंत पोहोचवावे. नववी-दहावीच्या मुलांना सोबत बसवावे. ज्या मुलाला लेखाशीर्ष म्हणजे काय हे पंधराव्या वर्षी कळेल, त्याला पुढे कोणी ‘निधी नाही’ एवढ्या दोन शब्दांवर परत पाठवू शकणार नाही.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण भिंतीवर लिहितो. शिकण्यात आकडे वाचणेही येते, आणि संघर्षाचे एक मैदान अंदाजपत्रकाच्या पानावर आहे. या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपली ओळ कोठे आहे, तिच्यापुढे किती रक्कम आहे आणि गेल्या वर्षीची किती खर्च झाली, ही तीन उत्तरे आपल्या विद्यालयाच्या पुढील वार्षिक मेळाव्यात फळ्यावर लिहिलेली असावीत, एवढीच आमची अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!