शासनाने जाळले, घरांनी राखले

२८ एप्रिल १९१६, शुक्रवार. डब्लिनचे जनरल पोस्ट ऑफिस आगीने वेढले होते. सोमवारी तिथे मुख्यालय थाटून आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा करणारे बंडखोर आता बाहेर पडायची वाट शोधत होते. मूर स्ट्रीटवरची ब्रिटिश नाकेबंदी फोडण्यासाठी एक लहानशी तुकडी धावत सुटली. तिच्या पुढे मायकेल ओ'राहिली होते. गोळ्या लागल्यावर ते शेजारच्या गल्लीत एका दाराच्या आडोशाला पडले. त्यांच्या मुलाने, एगॉनने, पाठवलेली चिठ्ठी त्यांना पोस्ट ऑफिसातच मिळाली होती. तिच्याच पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी पत्नी नॅन्सीला काही ओळी लिहिल्या: गोळी कुठे आणि कशी लागली, मुलांना आणि बहिणींना प्रेम, आणि खाली घरचा पत्ता. नॅन्सी तेव्हा गरोदर होत्या.

नेमक्या त्याच दिवशी बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती. आयर्लंडकडून उचललेली जी मागणी बेळगावात मूळ धरत होती, तिच्यावरचा विश्वास उडालेली माणसे डब्लिनच्या रस्त्यांवर मरत होती. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत असतात म्हणून हे सहसा ध्यानात येत नाही.

ती चिठ्ठी राहिली. ओ'राहिली पडले त्या गल्लीला आज त्यांचे नाव आहे, आणि २००५ पासून तिथल्या फलकावर तोच मजकूर त्यांच्याच हस्ताक्षरात मोठा करून लावला आहे. वडिलांना ती मूळ चिठ्ठी पाठवणाऱ्या मुलाने ऐंशी ओलांडल्यावर, १९९१ मध्ये, वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. घराण्याचे कागद युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या अभिलेखागारात आहेत. चिठ्ठीखाली ज्याचा पत्ता होता ते हर्बर्ट पार्कमधले घर मात्र २०२० च्या सप्टेंबरात पाडले गेले. ते वाचवा म्हणून बरीच ओरड झाली होती, तरीही. विटांपेक्षा कागद जास्त टिकला, हे आयर्लंडच्या बाबतीत नवलाचेच म्हणायला हवे, कारण कागदाच्या नशिबी तिथे आग फार आली.

३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ संकुलातल्या सरकारी अभिलेखागाराची इमारत स्फोटाने उडाली. इंग्लंडशी झालेला तह मान्य नसलेल्या सैनिकांनी ते संकुल एप्रिलपासून ताब्यात ठेवले होते आणि तहाच्या बाजूचे सरकार त्यांच्यावर तोफा डागत होते. स्फोटाचे पाप कोणाचे, आत दारूगोळा साठवणाऱ्यांचे की बाहेरून तोफा डागणाऱ्यांचे, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. सात शतकांचे दस्तऐवज गेले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक पाने गेली. काही करपलेले कागद वाऱ्याने मैलोगणती लांब हाउथच्या टेकडीपर्यंत पोचले, असे सांगतात. पण सगळे खापर त्या आगीवर फोडणे सोयीचे असले तरी खरे नाही. १८६१ पासून १८९१ पर्यंतच्या चार जनगणनांचे कागद सरकारने त्याआधीच आपल्या हुकमाने नष्ट करून टाकले होते.

नव्या राज्यानेही हा वारसा चालवला. १९३२ च्या निवडणुकीत डी व्हॅलेरांचा पक्ष जिंकला. तहावरून पेटलेल्या यादवी युद्धात हरलेली बाजू दहा वर्षांत सत्तेच्या दारात आली. मावळत्या सरकारचे संरक्षणमंत्री डेझमंड फिट्झजेराल्ड यांनी खुर्ची सोडण्याआधी, मार्चमध्ये, यादवीतले लष्करी खटले, देहदंड आणि हेरगिरीच्या फायली जाळून टाकण्याचा हुकूम काढला. गंमत अशी की याच फिट्झजेराल्डांचे खासगी कागद घरच्यांनी नीट जपले आणि तेही आज त्याच विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले गॅरेट फिट्झजेराल्ड हे त्यांचे चिरंजीव. मंत्री म्हणून जाळायचे आणि बाप म्हणून राखायचे, हे एकाच माणसाच्या हातून घडले. मला यात ढोंग दिसत नाही. सत्तेला कागदाची भीती वाटते आणि घराला कागदाचा लळा असतो, इतकेच.

तिसरा प्रकार कुलपाचा. १९४७ मध्ये सरकारने लष्करी इतिहासासाठी एक खाते काढले. १९१३ ते १९२१ या काळातल्या माणसांकडून जबान्या घ्यायच्या, असे ठरले. दहा वर्षांत १,७७३ जबान्या जमल्या. मग १९५९ मध्ये ८३ पोलादी पेट्यांत भरून त्या सरकारी तिजोरीत ठेवल्या आणि थेट २००३ मध्ये उघडल्या. बोलणारा एकही जण तोवर हयात नव्हता. शिवाय मुदतीची रेघ १९२१ वर ओढलेली, म्हणजे भावाने भावावर गोळी झाडली ती यादवी वगळूनच. आणि तहाविरुद्ध लढलेल्या कित्येकांनी या खात्याशी बोलायलाच नकार दिला. ज्या राज्याविरुद्ध लढलो त्याच राज्याच्या कारकुनापुढे कशाला तोंड उघडायचे, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

ही पोकळी एका माणसाने भरली आणि तो माणूस होता फोर कोर्ट्सच्या आतला. एर्नी ओ'मॅली हे तहविरोधी बाजूचे वरिष्ठ अधिकारी. स्फोट झाला तेव्हा ते तिथल्या शिबंदीत होते. शरणागतीनंतर ते निसटले आणि नोव्हेंबर १९२२ पर्यंत डब्लिनच्या एल्सबरी रोडवरच्या एका घरात कपाटामागच्या गुप्त खोलीत राहिले. ते घर होते नेल हम्फ्रीज यांचे. मूर स्ट्रीटवर पडलेल्या ओ'राहिलींच्या चिठ्ठीतली ‘बहीण’ ती हीच. छापा पडला तेव्हा गोळीबार झाला, एक सैनिक मेला, ओ'मॅली अंगावर अनेक जखमा घेऊन पकडले गेले. त्याच गोंधळात ओ'राहिलींची दुसरी बहीण अ‍ॅना हिला गोळी लागली, आणि ती ओ'मॅलींच्याच बंदुकीची होती. दाराबाहेर शत्रू आहे असे समजून त्यांनी ती झाडली होती. ही गोष्ट कुठल्या सरकारी अहवालातून शोधून काढावी लागत नाही. ओ'मॅलींनी ती स्वतः लिहून ठेवली. ज्या घराने आसरा दिला त्याच घरातल्या बाईला आपण जखमी केले, हे कबूल करणारा क्रांतिकारक विरळाच.

नंतर अमेरिका, लग्न, आत्मचरित्राचा पहिला भाग. आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ओ'मॅली जुन्या मोटारीतून गावोगाव हिंडू लागले. साडेचारशेच्या आसपास जुन्या सैनिकांशी ते बोलले. सरकारी खात्याला नाही म्हणणारे त्यांच्याशी बोलले, कारण ते आपल्यातले होते. त्यांनी १९२१ वर रेघ ओढली नाही. यादवीबद्दलही विचारले, तुरुंगातल्या मारहाणीबद्दलही, कोणी कोणाला फितवले तेही. १९५७ मध्ये ते वारले तेव्हा मागे वह्यांचा ढीग होता आणि त्यातले अक्षर असे की भले भले संशोधक हात टेकत. वडील गेले तेव्हा धाकटा मुलगा कॉर्मक किशोरवयात होता. त्याने मोठेपणी ते अक्षर लावायला घेतले. स्थानिक अभ्यासकांना सोबत घेऊन एकेका जिल्ह्याच्या मुलाखती छापायला २०१२ पासून सुरुवात झाली. त्यांत ऐकीव गोष्टी आहेत, चहाड्या आहेत, चुकीच्या तारखा आहेत. मुलाने त्या गाळल्या नाहीत. माझ्या मते या सगळ्या उद्योगातले सर्वांत मोठे काम तेच.

कारण घर राखते तसे घर लपवतेही. नेता गेला की त्याच्या मताचा ताबा घरच्यांकडे येतो. १९२१-२२ च्या हिवाळ्यात आयरिश संसदेत तहावर चर्चा झाली. सभागृहात सहा स्त्रिया होत्या आणि सहाही जणींनी विरोधात मत दिले. त्यांतल्या चौघी मृतांच्या नात्यातल्या: १९१६ च्या उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांच्या आई आणि टॉम क्लार्क यांच्या पत्नी, लिमरिकचे महापौर ओ'कॅलहन यांच्या पत्नी आणि कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्वीनी यांची बहीण मेरी. गेलेल्यांनी काय म्हटले असते, हे त्या ठासून सांगत होत्या. त्यांचे दुःख खरे होते, पण मृताला त्यांना अडवता येत नव्हते. मेरी मॅकस्वीनी पुढची वीस वर्षे भावाच्या नावाच्या राखणदार राहिल्या. १९२९ मध्ये जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणाने गेले, तेव्हा मॅकस्वीनी कुटुंबाची शोकाची तार भारतात आली होती. टेरेन्स मॅकस्वीनी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणाने गेले होते.

याउलट कधी घरातले कागदच पुतळ्याला माणूस करतात. मायकेल कॉलिन्स आणि किटी कीर्नन यांच्यात तीनशेच्या वर पत्रे गेली-आली, बरीचशी तहाच्या वाटाघाटी चालू असताना. लंडनमध्ये साम्राज्याशी घासाघीस करणारा माणूस रात्री ग्रॅनर्डच्या हॉटेलवाल्यांच्या मुलीला ‘तुझे पत्र का आले नाही’ म्हणून कुरकुरत होता. ऑगस्ट १९२२ मध्ये कॉलिन्स मारले गेले. किटीने १९२५ मध्ये फीलिक्स क्रोनिन यांच्याशी लग्न केले. पत्रे तिने सोडली नाहीत आणि दुसऱ्या मुलाचे नाव मायकेल कॉलिन्स ठेवले. १९४५ मध्ये ती गेली, तरी पत्रे त्याच घरात राहिली आणि १९८३ मध्ये पुस्तक होऊन बाहेर आली. आधीच्या प्रियकराची पत्रे नवऱ्याच्या घरात वीस वर्षे सुखरूप राहतात, याचे श्रेय क्रोनिन यांनाही द्यायला हवे. ते कोणी देत नाही.

कॉर्कच्या फ्लॉरेन्स ओ'डोनह्यू यांची गोष्ट याहून अवघड. (फ्लॉरेन्स हे तिकडे पुरुषाचेही नाव.) त्यांची पत्नी जोसेफिन ही पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाची विधवा. थोरला मुलगा वेल्समध्ये सासरच्यांनी ठेवून घेतलेला, कोर्टातही तो मिळाला नाही. ती कॉर्कच्या ब्रिटिश छावणीत कारकून होती. माझा मुलगा आणून द्या, मी कागद आणून देते, असा सौदा तिने बंडखोरांशी केला. मुलाला पळवून आणले गेले आणि तिने छावणीतली माहिती बाहेर पोचवली. पुढे ओ'डोनह्यू नामांकित इतिहासलेखक झाले, सेनापती लिअम लिंच यांचे चरित्र त्यांनीच लिहिले. पण बायकोची हकिगत त्यांनी लिहिली ती मुलांसाठी. पुस्तकरूपाने ती आली २००६ मध्ये, दोघेही गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्यांनी ती घरात ठेवली म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. एका आईने मुलासाठी केलेली हेरगिरी, त्यापायी गेलेले जीव, आणि ते सगळे ठाऊक असलेले शेजारी. काही गोष्टींना एक पिढी जावी लागते. मुद्दा एवढाच की त्यांनी ती लिहिली, आणि फाडली नाही.

कॉलिन्सच्या १९१८ ते १९२२ च्या पाच रोजनिशा पुतण्याच्या कुटुंबाकडे होत्या. पुढे त्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे दीर्घ मुदतीवर सोपवल्या गेल्या आणि २०२२ मध्ये दोन इतिहासकारांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. रहस्ये सापडतील म्हणून टपलेल्यांची निराशा झाली असणार. आत कामांच्या याद्या आहेत: कोणाला भेटायचे, कोणाला पत्र टाकायचे, पैशांचे काय, झालेल्या कामावर काट. क्रांती म्हणजे बरीचशी कारकुनी, हे त्या पानांवर दिसते तसे कुठल्याही भाषणात दिसत नाही.

लिलावात अशा यादीला भाव नसतो. तिथे भाव असतो एका प्रसिद्ध पानाला. उठावाच्या शताब्दीच्या वर्षी, २०१६ मध्ये, पिअर्सचे शरणागतीचे पत्र विक्रीला निघाले. अंदाज दहा लाख युरोंच्या वरचा होता. तेवढी बोली झाली नाही, पत्र परत गेले. त्या किमतीला शासनाने ते घ्यायला हवे होते असे मला वाटत नाही. त्या पैशात डझनभर घरांतली अख्खी दप्तरे नीट लावून होतील. बाजार गठ्ठ्यातून एक पान उपटतो आणि शेजारच्या किराण्याच्या बिलाला रद्दी ठरवतो. इतिहासकाराला मात्र बिलही हवे असते, आणि बिल कोणत्या पत्राला टाचलेले होते हेही.

म्हणून ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांनी आधी काहीच करू नये, हे बरे. तारखेप्रमाणे लावू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. गंजलेल्या टाचण्या अभिलेखागारातले लोक काढतील. कागद कसे एकत्र होते, हीही माहितीच असते आणि ती एकदा विस्कटली की परत मिळत नाही. देताना एखादे पत्र पंचवीस वर्षे बंद ठेवा म्हणण्याचा हक्क कुटुंबाला आहे, तो जरूर वापरावा. निवडून देण्याचा मात्र नाही.

हे आयर्लंडमध्ये आत्ताच का बोलायचे? यादवीत सरकारने किमान ७७ जणांना देहदंड दिला. त्यांच्यावरच्या लष्करी खटल्यांच्या फायली जळाल्या त्या १९३२ मध्ये. गोळ्या घातल्या गेलेल्यांपैकी अर्स्किन चाइल्डर्स हे नामवंत लेखक. त्यांचे कागद ट्रिनिटी कॉलेजात आहेत आणि त्यांचा मुलगा १९७३ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. बाकीचे बहुतेक विशी-पंचविशीतले, ज्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. शेवटच्या रात्री लिहिलेली पत्रे आई-बापांकडे गेली. खटल्याचा कागद नाही, तेव्हा त्या माणसाबद्दल जे काही उरले ते त्या पत्रात. आणि ती ज्यांच्याकडे आहेत ती नातवंडे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. अभिलेखागाराने त्यांच्या येण्याची वाट पाहत बसू नये, आपला माणूस त्यांच्या दारी पाठवावा.