खेळाची भाषा आणि नवा गडी

प्रत्येक खेळाची आपली एक भाषा असते. विटीदांडूच्या डावात ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजमाप सुरू झाले, की नवखे मूल गोंधळून जाते. परंतु तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ म्हणतात, हे कोणी सांगितले की त्या शब्दांतील गूढ नाहीसे होते.

पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमचेही असेच आहे. दूरदूरच्या गावांतील खेळाडू एकाच वेळी खेळत असतात. हात खेळात गुंतलेले असता लांब वाक्ये लिहिण्यास अवसर कोठून मिळणार? म्हणून इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेच तेथे चलनात आली. ‘एएफके’ म्हणजे खेळाडू काही वेळ कळफलकापासून दूर गेला आहे. ‘जीजी’ म्हणजे खेळ चांगला झाला; डाव संपताच प्रतिपक्षाला असे म्हणण्याची रीत आहे. पात्राचे किती प्राण उरले, हे ‘एचपी’ या आकड्यावरून कळते. हा शब्द 1974 साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या बैठ्या खेळातही होता. ‘नर्फ’ शब्दाची कथा तर मौजेची आहे. नर्फ हे मुलांच्या मऊ खेळण्यांचे नाव. एखादे शस्त्र फार प्रबळ ठरून खेळातील रंगत जाऊ लागली, म्हणजे खेळ रचणारे त्याचे बळ कमी करतात. जणू ते शस्त्र मऊ खेळणेच होते!

असे हे शब्द उपयोगी आहेत. मात्र याच भाषेत ‘नूब’ हाही एक शब्द आहे. नवख्याला इंग्रजीत ‘न्यूबी’ म्हणतात; त्याचेच हे रूप आता हिणवण्यासाठी वापरले जाते. ‘लॅग म्हणजे काय?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर बटण दाबणे आणि पडद्यावर त्याप्रमाणे घडणे यांत पडणारा विलंब, एवढेच सांगावयाचे असते. त्याऐवजी ‘नूब’ म्हणून हशा पिकतो. ते मूल पुन्हा प्रश्न विचारीत नाही. न कळताच मान डोलावू लागते.

नवखा सोबती असला की संघ हरतो, अशी जाणत्यांची तक्रार असते. ती अगदीच खोटी नाही. परंतु उपहासाने कोणी लवकर शिकल्याचे दिसत नाही. घटकाभर थांबून चार शब्दांचे अर्थ सांगितले, तर पुढच्या डावात तोच उपयोगी पडतो.

मराठी मुलांच्या अंगणात यावर फार पूर्वीच एक तोड निघाली आहे. लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांमागे धावता धावता तो खेळाचे नियम शिकतो आणि एके दिवशी पक्का गडी होतो. ‘नूब’ही नवखा आणि ‘कच्चा लिंबू’ही नवखाच, परंतु एक शब्द त्याला खेळाबाहेर लोटतो, तर दुसरा त्याला खेळात सामावून घेतो. आज जो जाणता आहे, तोही एके काळी नवखाच होता, हे ज्याला आठवते तोच खरा खेळाडू होय.