बाथरूममधल्या चिमुकल्या बाटल्यांविरुद्ध

1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या काही वस्तू देशभर बंद झाल्या. केंद्राच्या त्या यादीत फुग्याची काडी आहे, कान कोरायच्या काड्या आहेत, प्लास्टिकचे चमचे आहेत, थर्माकोलची सजावट आहे, मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळायची पातळ फिल्मसुद्धा आहे. हॉटेल-लॉजच्या बाथरूममध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने मांडली जाणारी शाम्पूची बाटली, लोशनची नळी आणि शाम्पूची पुडी मात्र या यादीत नाही. त्याआधी केंद्राच्याच 2016 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाल्यासाठी प्लास्टिकची पुडी वापरायला मनाई केली. शाम्पूच्या पुडीला हात लावला नाही. महाराष्ट्राने 2018 च्या मार्चमध्ये स्वतःची बंदी आणली तेव्हा पहिल्या गुन्ह्याला 5,000, दुसऱ्याला 10,000 आणि तिसऱ्याला 25,000 रुपये दंडासह तीन महिन्यांचा कारावास ठेवला. त्याची धास्ती भाजीवाल्याने घेतली, किराणा दुकानदाराने घेतली. हॉटेलच्या खोलीत शिरून तिथला कचरा कोणी मोजला नाही.

या बाटल्या आणि पुड्या बंद व्हायला हव्यात. त्यांच्या जागी भिंतीला पक्के बसवलेले, पुन्हा भरता येणारे डिस्पेन्सर यायला हवेत, आणि ते हॉटेलवाल्यांच्या मर्जीवर न सोडता नियमाने यायला हवेत. याच्या विरोधात जे बोललं जातं त्यात एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. त्याच्याकडे सावकाश येतो. आधी बाकीचे.

‘इतकीशी बाटली, तिने काय होणार?’ हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. ज्यांनी मोजलं त्यांचे आकडे पाहा. मॅरियटने 2019 च्या ऑगस्टमध्ये छोट्या बाटल्या बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा जगभर बदल पूर्ण झाल्यावर वर्षाला सुमारे 50 कोटी बाटल्या कचऱ्यात जायच्या थांबतील असा कंपनीचाच अंदाज होता. हॉलिडे इन चालवणाऱ्या आयएचजीने त्याच्या महिनाभर आधी आपला आकडा वर्षाला सुमारे 20 कोटी सांगितला होता. या दोनच कंपन्या झाल्या. आपल्याकडचा एक साधा लॉज धरा. वीस खोल्या, वर्षभराच्या सरासरीने त्यातल्या बारा भरलेल्या, रोज खोलीमागे 30 मिलीच्या दोन बाटल्या. वर्षाला 8,760 बाटल्या झाल्या. तेवढाच शाम्पू पाच लिटरच्या कॅनमधून आणला तर त्रेपन्न कॅन लागतील, तेही प्रत्येक बाटली शेवटच्या थेंबापर्यंत वापरली जाते असं धरून. ती तशी वापरली जात नाही, हे खोली साफ करणाऱ्या कोणालाही विचारा. आणि कॅन धुऊन परत पाठवता येतो.

‘प्लास्टिक आहे, रिसायकल होईल’ असं म्हणणाऱ्यांनी ही बाटली एकदा हातात घेऊन पाहावी. धड एका प्लास्टिकचं, झाकण दुसऱ्या, वर चिकटवलेलं लेबल तिसऱ्या कशाचं तरी. आत एक-तृतीयांश शाम्पू उरलेला. कचरावेचकाला पैसे वजनावर मिळतात. मूठभर बाटल्यांमधला चिकट शाम्पू ओतून, त्या धुऊन, झाकणं वेगळी करून हातात येणार किती ग्रॅम? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून या माणसांच्या श्रमाची किंमत मागते आहे. त्यांच्या श्रमावर आपण आपली रिसायकलिंगची समजूत उभी करतो आणि त्यांच्या हाती असा माल देतो की जो उचलणंही त्यांना परवडू नये. पुडीची स्थिती याहून वाईट आहे. तिच्यात वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करून विकण्यासारखं त्यात काही उरत नाही. शिवाय पुडी फाडताना तिचा नखाएवढा कोपरा वेगळा होतो. हात ओले असतात, डोळ्यांत पाणी असतं, कोपरा खाली पडतो आणि मोरीच्या जाळीत अडकतो किंवा जाळीतून खाली जातो. जाळी उचलून ते कोपरे काढायचं काम ज्या बाईला रोज करावं लागतं, तिच्यासाठी हा कचरा इतकासा नसतो.

माथेरानचंच बघा. खासगी मोटारींना तिथे प्रवेश नाही; 2003 पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून पुढे हॉटेलांचं बरंचसं सामान घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर चढतं. म्हणजे 30 मिलीच्या बाटल्यांची खोकी माणसाने लाल मातीच्या रस्त्याने ओढून न्यायची, पाहुण्याने त्यातला चमचाभर शाम्पू वापरायचा, आणि उरलेल्या बाटलीचं काय करायचं हा प्रश्न पुन्हा डोंगरावर राहणाऱ्यांनी सोडवायचा. ज्या गावाने मोटारीचा धूर वेशीवर अडवला, त्या गावात हा माल अडवायला अवघड नाही. नियमात एक ओळ लागते.

‘हॉटेलं स्वतःचे पैसे वाचवतात आणि वर पर्यावरणाचं नाव पुढे करतात’ हेही ऐकतो. पैसे वाचतात हे खरंच आहे. एखाद्या सुधारणेत ती करणाऱ्याचा फायदा होतो म्हणून ती खोटी ठरत नाही. आजवर हे पैसे कचऱ्यात जात होते आणि खोलीच्या भाड्यातून पाहुणाच ते भरत होता. मागणी करायचीच तर अशी करावी की वाचलेल्या पैशातून शाम्पू चांगल्या प्रतीचा घ्या, आणि डिस्पेन्सर धुण्याचं वाढीव काम ज्यांच्यावर पडतं त्यांना त्याचा मोबदला द्या. ही मागणी मी पूर्ण मनाने करीन. बाटल्या तशाच ठेवा, ही मागणी त्यातून निघत नाही.

पाहुण्याचा मान कमी होतो, असं जे म्हणतात त्यांच्याशी फार वेळ वाद घालण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात पन्नासहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांना 2023 पासून आणि लहान हॉटेलांना 2024 पासून अशा छोट्या बाटल्या देता येत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात मोठ्या हॉटेलांना 2025 पासून मनाई आहे. दक्षिण कोरियाने मार्च 2024 पासून पन्नास किंवा त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांत टूथब्रश, रेझर, शाम्पू अशा एकदाच वापरायच्या वस्तू फुकट देणं थांबवलं. युरोपीय संघात 2030 च्या 1 जानेवारीपासून अशा छोट्या प्लास्टिकच्या बाटल्यांना मनाई होणार आहे. जिथे हे नियम लागू झाले तिथेही पंचतारांकित हॉटेलं आहेत आणि तिथले पाहुणे अपमान झाला म्हणून परत गेलेले नाहीत.

गरिबाच्या पुडीचा मुद्दा वेगळा आहे आणि तो या वादात मिसळू नये. हातावर पोट असलेल्या घरात एक-दोन रुपयांची पुडी घेतली जाते, कारण तिथे एकदम मोठी बाटली घ्यायला पैसे नसतात. त्या घरावर बंदीचा बडगा उगारावा असं मी म्हणत नाही. तिथे सुटं, मापाने शाम्पू विकणारी दुकानं आधी उभी राहायला हवीत. पण दोन हजार रुपये भाडं घेणाऱ्या खोलीत ठेवलेल्या पुडीच्या बचावासाठी त्या घराला पुढे करणं चुकीचं आहे.

आता तो वजनदार आक्षेप. ‘शंभर लोकांनी दाबलेला डबा मी का वापरू? त्यात कोणी काय घातलं असेल, तो कधी धुतला असेल, आत पाणी मिसळलं नसेल कशावरून?’

ही भीती निराधार नाही. वरून ओतून भरायच्या साबणाच्या डब्यात जंतू वाढतात हे सिद्ध झालेलं आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एका प्राथमिक शाळेतले असे डबे तपासले. त्यातला साबण दूषित निघाला आणि त्याने हात धुतल्यावर हातावरचे काही जंतू कमी व्हायच्या ऐवजी वाढले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी रुग्णालयांसाठी 2002 सालीच हात धुण्याबाबत ज्या सूचना काढल्या, त्यात अर्धवट रिकाम्या डब्यात वरून साबण घालू नये असं बजावलेलं आहे. कारण समजायला सोपं आहे. तळाशी जुना साबण कायम राहतो, त्यात बाथरूमचं पाणी उतरतं, साबण टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि तिथे जंतूंचं घर तयार होतं. नफ्यासाठी कोणी साबणात पाणी घालत असेल तर हेच आणखी लवकर होतं. पाणी घातलेला शाम्पू ही फसवणूक तर आहेच, शिवाय आरोग्याचा धोकाही आहे.

पण याच अभ्यासाचा दुसरा भाग आक्षेप घेणारे सांगत नाहीत. त्या शाळेत उघडे डबे काढून बंद पाकिटाचे डिस्पेन्सर बसवले आणि वर्षानंतरही त्यातला साबण दूषित झालेला आढळला नाही. म्हणजे दोष भरण्याच्या पद्धतीत होता. आज कित्येक लॉजमध्ये जो चिकट, काळसर कड आलेला, झाकण उघडं असलेला डबा दिसतो, तो पाहून पाहुण्याला किळस यावी हे स्वाभाविक आहे. मीही त्या डब्याची बाजू घेणार नाही. तो डबा ही डिस्पेन्सरची नक्कल आहे, आणि त्याने चांगल्या गोष्टीचं नाव खराब केलं आहे.

मग नीट करायचं म्हणजे कसं? वरून कधीही भरायचं नाही, हा पहिला आणि न मोडायचा नियम. प्रत्येक खोलीसाठी बाटल्यांचे दोन संच ठेवायचे. एक भिंतीवर, दुसरा धुऊन वाळत. भिंतीवरची बाटली संपत आली की ती काढायची, उरलेलं ओतून टाकायचं, गरम पाण्याने पंपासकट धुवायची आणि पूर्ण वाळवायची. ओली बाटली भरायची नाही. मगच कॅनमधून भरायची आणि कॅनवरचा बॅच नंबर, मुदत आणि भरल्याची तारीख बाटलीवर लिहायची. ज्यांना धुण्याची शाश्वती देता येत नाही त्यांनी पुरवठादाराकडून सीलबंद बाटल्या घ्याव्यात आणि रिकाम्या त्यालाच परत कराव्यात. बाटली भिंतीवरच्या चौकटीत किल्लीने बंद व्हायला हवी. ती पारदर्शक असावी, निदान तिला उभी पारदर्शक पट्टी असावी, म्हणजे आत किती आहे आणि काय आहे हे दिसेल. आणि तिच्यावर ‘शाम्पू’, ‘साबण’ ही अक्षरं मराठीत, बोटभर उंचीची असावीत. आंघोळ करताना चष्मा बाहेर काढून ठेवलेला असतो. इंग्रजीतली बारीक अक्षरं वाचता न आल्याने केसांना लोशन लावून बसलेली ज्येष्ठ माणसं मी पाहिली आहेत.

भिंतीवर बाटली दिसली म्हणजे काम झालं असंही समजू नये. काही मोठ्या हॉटेलांत सुमारे पाव लिटरची सीलबंद बाटली लावतात आणि संपली की ती फेकून नवी लावतात. चिमुकल्या बाटल्यांपेक्षा हे बरं, यात शंका नाही. पण त्या बाटलीचा पंप पाहा: आत धातूची स्प्रिंग, भोवती दोन-तीन जातींचं प्लास्टिक. तो फेकला की पुन्हा कचरावेचकाच्याच पदरी ओझं. पुन्हा भरणं हाच हेतू असेल तर पंप वर्षानुवर्षं तोच चालला पाहिजे आणि बाटली परत फिरली पाहिजे.

प्रवाशांच्या बाजूनेही एक सबब दिली जाते, ती विमानाची. 2006 साली लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातसामानातल्या द्रवाच्या भांड्यावर 100 मिलीची मर्यादा आली. म्हणून दर प्रवासाला छोट्या बाटल्या विकत घ्यायच्या, असं लोक धरून चालतात. मर्यादा भांड्याच्या आकाराला आहे. घरच्या मोठ्या बाटलीतून 50 मिलीच्या दोन बाटल्या भरून घेतल्या तर त्या कित्येक वर्षं पुरतात.

राहिला प्रश्न हे करणार कोण. कंपन्यांच्या स्वेच्छेवर विसंबून चालत नाही; मॅरियटने स्वतः दिलेली 2020 च्या डिसेंबरची मुदत महामारीत मागे पडलीच. महाराष्ट्राकडे 2006 चा अविघटनशील कचऱ्याचा कायदा आहे, त्याच कायद्याखाली 2018 ची बंदी आली होती. त्या बंदीच्या अधिसूचनेत हॉटेल, लॉज, भक्तनिवास आणि होमस्टेच्या खोल्यांमध्ये एकदाच वापरायच्या छोट्या बाटल्या आणि पुड्या ठेवायला मनाई करणारं एक कलम घालावं. मोठ्या हॉटेलांना एक वर्ष द्यावं, लहानांना दोन वर्षं. डिस्पेन्सर धुण्याचे आणि भरण्याचे नियम त्याच अधिसूचनेत असावेत, नाहीतर बंदीनंतर सगळीकडे तो काळसर कडांचा डबाच बसेल. माथेरान आणि 2001 पासून संवेदनशील ठरलेला महाबळेश्वर-पाचगणीचा भाग, इथून सुरुवात करावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरला 2027 च्या सिंहस्थासाठी गाव भरून माणसं येणार आहेत. अशा वेळी लॉज आणि धर्मशाळा आपल्या खोल्या दुरुस्त करून घेतात, नवे नळ बसवतात, फरशा घालतात. भिंतीला दोन भोकं पाडून चौकट बसवायची तर ती त्याच वेळी बसवता येते, गवंडी घरात असतानाच.