एकवीस हजारांच्या वरची बाळंतीण

महिन्याला २१ हजार रुपये पगार असलेली बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर तिचा २६ आठवड्यांचा पगार कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळ देतं. तिच्या शेजारच्या टेबलावरची, २२ हजार घेणारी बाई गेली, तर तोच पगार मालकाला स्वतःच्या गल्ल्यातून काढावा लागतो. ईएसआयची ही २१ हजारांची मर्यादा जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे. म्हणजे बाळंतपणापुरती सुखवस्तू बाई कोण, तर पुण्यात दोन खोल्यांचं भाडं आणि दुचाकीचा हप्ता गेल्यावर जिच्या हातात फारसं उरत नाही ती.

चांगल्या कमाईच्या घरांनी बाळंतपणासाठी सरकारच्या तोंडाकडे का बघावं, असा सवाल अधूनमधून ऐकू येतो. राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेच्या यादीत सरकारी नोकरीतल्या बायका सापडल्यापासून त्याला धार चढली आहे. ज्याचं त्यानं निभवावं, सरकारनं गरिबांपुरतं बघावं, हे कानाला न्यायाचं वाटतं. मला पटत नाही. बऱ्या पगाराच्या बाईला सरकारी व्यवस्थेबाहेर काढलं म्हणून तिच्या रजेचा खर्च थांबत नाही. तो एकट्या मालकाच्या डोक्यावर बसतो, आणि मालक तो चुकवायला शिकतो.

मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली तेव्हा संसदेत बाकं वाजली, पेपरांत अग्रलेख आले. पैसे कोणी द्यायचे हे कलम मात्र होतं तसंच राहिलं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर ईएसआयबाहेरच्या बाईचा पूर्ण पगार मालकानं द्यायचा. सरकारचा त्यात छदाम नाही. २०१८ मध्ये कामगार मंत्रालयानं कमी पगाराच्या बायकांपुरता सात आठवड्यांचा पगार मालकांना परत करण्याचा विचार बोलून दाखवला होता. तो विचारच राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला, पण भार मालकावरचा हलला नाही.

आता नाशिकमधलं एखादं सीएचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. बारा माणसं, त्यात चार मुली. जीएसटीची विवरणपत्रं बघणाऱ्या मुलीला तीस हजार पगार. ती रजेवर गेली की सहा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार तिचे, आणि तिच्या जागी येणाऱ्याचा पगार वेगळा. कारण तारखा कोणासाठी थांबत नाहीत. साहेब माणूस वाईट नाही. रजा देतो, बारशाला चांदीचा वाळा घेऊन जातो. फक्त पुढच्या मुलाखतीत तो विचारतो, “लग्न झालंय का? मिस्टर कुठे असतात? मग पुढचं काय ठरवलंय?” समोरच्या मुलीला प्रश्न पुरता कळलेला असतो. कामावरच्या गरोदर बाईला काढणं गुन्हा आहे, पण कामावर घेतलंच नाही तर त्याचा कागद कुठेच उरत नाही. गेल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं की हक्क लागू होतो, हेही साहेबाला पाठ असतं.

मोठ्या आयटी कंपनीला हे सहज झेपतं. तिथल्या दोन लाख पगाराच्या मॅनेजर बाईला सहा महिन्यांत बारा लाख मिळतात, कायद्यात त्याला कमाल मर्यादा नाही, आणि त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. वर्ग एकच्या अधिकारी बाईंना १८० दिवसांचा पूर्ण पगार मिळतो तो तर थेट सरकारी तिजोरीतून. वरच्या उत्पन्नाची घरं सरकारकडून घेतातच. ती कोणत्या खात्यातून घेतात यावर आपला राग अवलंबून असतो, एवढंच.

हा भार कोणाचा, हा वाद मुंबईला नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि हा बोजा मुख्यतः सरकारनंच उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. मात्र बाईला कामावर ठेवून मालक स्वतःचा फायदा बघतोच, तेव्हा त्याला अगदी नामानिराळं राहता येणार नाही, हेही सुनावलं. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि बोजा मालकावर ठेवून गेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ पासून सांगते आहे की हा पैसा विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून यावा. भारतानं तिच्या मातृत्वविषयक करारांवर अजून मान्यतेची सही केलेली नाही.

जर्मनीत हाच प्रश्न कोर्टात गेला. तिथे बाळंतपणाआधीचे सहा आणि नंतरचे आठ आठवडे पूर्ण पगार मिळतो. आरोग्य विमा दिवसाला १३ युरोपर्यंत देतो, वरचं मालक भरतो. लहान मालकांना ते पैसे एका सामायिक निधीतून परत मिळत, मोठ्यांना नाही. २००३ मध्ये घटनात्मक न्यायालयानं म्हटलं की अशा मांडणीमुळे मालक बायका घ्यायलाच बिचकतो, म्हणजे बायकांच्या रक्षणाचा कायदा त्यांच्याच मुळावर येतो. २००६ पासून हा निधी लहानमोठ्या सगळ्या मालकांना लागू झाला. पगारपत्रकाच्या सहसा एक टक्क्याहूनही कमी वर्गणी. बायका कामाला असोत वा नसोत, भरायचीच. बाई रजेवर गेली की मालकानं दिलेले पैसे निधीतून परत.

त्याच जर्मनीनं पुढच्या टप्प्यात मात्र वेगळं वळण घेतलं. मूल सांभाळायला घरी राहणाऱ्या पालकाला सरकार गेलेल्या पगाराच्या साधारण ६५ टक्के देतं, महिन्याला जास्तीत जास्त १,८०० युरो. पूर्वी तीन लाख युरो करपात्र उत्पन्नाच्या जोडप्यापर्यंत हे मिळे. एप्रिल २०२४ पासून मर्यादा दोन लाखांवर आली, एप्रिल २०२५ पासून पावणेदोन लाखांवर. रेषा एका युरोनं ओलांडली तरी हाती शून्य. अशा श्रीमंतांसाठी अश्रू ढाळायची गरज नाही, हे कबूल. पण तिथल्या बायकांनी उचललेला मुद्दा श्रीमंतीचा नव्हताच. मर्यादा जोडप्याच्या उत्पन्नावर आणि रजा बहुतेक वेळा बाईची. नवऱ्याचा पगार मोठा म्हणून तिचा स्वतःचा भत्ता बंद झाला, की ती वर्षभर त्याच्या पाकिटावर अवलंबून.

आपल्याकडे वेगळं काय आहे? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतही कुटुंबाचंच उत्पन्न बघतात: वर्षाला आठ लाखांच्या आत. गंमत अशी की २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सरकारी नोकर आणि असाच लाभ दुसरीकडून घेणाऱ्या सोडून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये कबूल केले होते, उत्पन्नाचा शब्द न काढता. योजना आली तेव्हा पहिल्या मुलासाठी हातात पाच हजार राहिले. दुसरं मूल मुलगी असेल तरच पुन्हा सहा हजार. ‘लाडकी बहीण’चे दीडहजारी हप्ते चार महिने मोजले तर पाच हजारांच्या पुढे जातात, आणि त्यासाठी बाळंत व्हावं लागत नाही.

हे पाच हजारही दोन हप्त्यांत: आधी तीन, मग दोन. रेशनकार्ड, ई-श्रम, जॉबकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला, यांपैकी काहीतरी हवं. आधारवर नाव माहेरचं, माता-बाल कार्डावर सासरचं. खातं लग्नाआधीचं, आधारशी न जोडलेलं. नोंदणी सासरच्या अंगणवाडीत, आणि पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. दुसऱ्या हप्त्यासाठी बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या लसी लागतात, त्या माहेरच्या गावात. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर गावच पाच-सहा महिने फडावर असतं. तिथे एक दिवस कामाला गेली नाही तर खाडा धरतात, आणि उचल जोडप्याच्या नावावर असते. पाळी आणि बाळंतपण यांमुळे पडणारे खाडे टाळायला बायका गर्भाशय काढून घेतात, हे २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. सरकारनं समिती नेमली. श्रीमंत बाई आत शिरू नये म्हणून फाटकावर जेवढे पहारेकरी उभे करता, तेवढी ही बाई बाहेर राहते. बिल्डरची बायको तीन हजारांसाठी अंगणवाडीच्या दारात ताटकळत बसणार नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे. उत्पन्नाची रेष बाईवर ओढू नका, रकमेवर ओढा. ईएसआयची वर्गणी आजही पुरुष-बाई न बघता जाते, मालकाकडून सव्वातीन टक्के आणि कामगाराकडून पाऊण टक्का. म्हणून २१ हजारांच्या आतल्या बाईच्या रजेचा पगार मालकाला द्यावा लागत नाही. बाळंतपणापुरता तोच मार्ग वरच्या सगळ्या पगारांना खुला करा. प्रत्येक मालकाकडून प्रत्येक पगारावर थोडी वर्गणी घ्या, आणि निधीतून महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच पगार द्या. पन्नास हजारांवर टोपी ठेवा, हवं तर चाळीसवर. मॅनेजर बाईंच्या वरच्या दीड लाखाचं त्यांची कंपनी बघून घेईल. नाशिकच्या साहेबाचे एक लाख ऐंशी हजार वाचतील. वर्गणी देणारा मालकच नाही अशा बायकांसाठी, फडावरच्या बाईसकट, सरकारनं तिजोरी उघडावी, आणि २०१३ चे सहा हजार आजच्या महागाईत कितीला पडतात याचा हिशेब तिथेच करावा.

यावर पहिली ओरड येईल ती जिथे एकही बाई कामाला नाही अशांकडून. ट्रकवाले, फाउंड्रीवाले, सुरक्षारक्षक पुरवणारे म्हणतील, आमचा काय संबंध? जर्मनीत २००६ पासून असे सगळे मालक ही वर्गणी भरतात.