बिघाड परत आणता आला पाहिजे

सुटे भाग आणून घरी जोडलेला कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, किंवा सुरू होऊन दर तासाला कोसळत असेल, तर आपल्या लोकांकडून दोन ठरलेले सल्ले मिळतात. भारतातला सल्ला : "रॅम काढ, खोडरबराने घास, परत बसव." अमेरिकेतला सल्ला : "तीस दिवस झाले नाहीत ना? मग परत करून टाक." दोन्ही उपायांनी मशीन पुष्कळदा चालू होतं, हे मान्य. पण बिघाड कशामुळे झाला होता हे दोन्हींतून कळत नाही. आणि हे न कळणं वाटतं तितकं निरुपद्रवी नाही, असं माझं मत आहे.

आधी खोडरबर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून 'असेम्बल' करून घेतलेला कॉम्प्युटर ज्यांच्या घरी होता, त्यांनी हा प्रयोग नक्की पाहिला असेल. दुरुस्तीवाला यायचा, डबा उघडायचा, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासायचा, पट्टी परत बसवायचा आणि मशीन सुरू व्हायचं. दमट हवेत आणि धुळीत संपर्कांवर थर साचतो, तो घासून निघतो, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. पण इथे एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या : पट्टी घासली गेली आणि पट्टी काढून पुन्हा बसवली गेली. खाचेत पट्टी दाबून बसवताना तिचे संपर्क खाचेतल्या स्प्रिंगांवर घासतातच. त्यातही थर निघतो आणि तिरकी बसलेली पट्टी सरळ होते. मग गुण कशाचा? खोडरबराचा की नुसत्या काढण्या-बसवण्याचा? हे ठरवायला एकदा न घासता पट्टी परत बसवून पाहणं पुरेसं होतं. तेवढं क्वचितच कोणी केलं असेल. बरं, सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. दर वेळी घासलं तर तो झिजतो, खालचा धातू उघडा पडतो आणि खरा गंज तिथून सुरू होतो. कारण चुकीचं ठरवलं की उपायच पुढचा बिघाड तयार करतो, तो असा.

दुसरा मुद्दा स्क्रीनवरच्या सूचनांचा. 'ग्राफिक्स ड्रायव्हर बंद पडला' असं मशीनने सांगितलं की आपण ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मागे लागतो. पण असा संदेश म्हणजे रुग्णाने सांगितलेली तक्रार आहे, निदान नव्हे. डावा हात दुखतो म्हणणाऱ्याचं दुखणं हृदयाचं असू शकतं. याचं ताजं आणि जाहीर उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं आहे. काही गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे' असं म्हणून बंद पडत. हा संदेश वाचून संशय साहजिकच ग्राफिक्स कार्डावर जाई. खरा दोष प्रोसेसरमध्ये होता. गेमची दाबून साठवलेली माहिती उलगडताना प्रोसेसर चुकत होता आणि त्या चुकीचा शेवट मेमरीच्या संदेशात होत होता. प्रोसेसरला वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याने त्याच्या आतला एक भाग अकाली झिजतो, असं इंटेलने २०२४ मध्ये जाहीर केलं, मायक्रोकोडमध्ये दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर या दुरुस्त्यांनी बरा होत नव्हता. म्हणजे ड्रायव्हर बदलत बसलेल्या माणसाचं मशीन त्या काळात आणखी झिजत होतं.

मग करायचं काय? संशोधनाच्या कामात जे करतो तेच, फक्त स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

नव्या मशीनची मुख्य अडचण अशी की त्यातलं सगळंच नवं असतं. जुनं मशीन बिघडलं तर 'कालपर्यंत चालत होतं' हा आधार असतो, इथे तो नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे चालणारी अवस्था गाठणं, मग ती कितीही लहान असो. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी (कुठल्या खाचेत, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं) आणि पॉवर सप्लाय. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असेल तर वेगळं कार्डही काढून ठेवा. एवढ्यावर बायोसचा पडदा दिसला की पाय टेकायला जमीन मिळाली. पुढे एका वेळी एकच भाग वाढवायचा.

पडदा काळाच राहिला तरी घाई करू नका. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिच्याशी वेळेचं गणित जुळवतो आणि त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. 'मेलं वाटतं' म्हणून मध्येच बटण दाबलं की हे जुळवणं पुन्हा पहिल्यापासून. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली नाही ना, प्रोसेसरला वीज देणारी वेगळी केबल जोडली आहे ना, हे पाहा. बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. त्यांतला जो पेटून राहतो तिथे गाडी अडली आहे. पण हीसुद्धा तक्रारच, निदान नाही. प्रोसेसर खाचेत नीट बसला नसेल तरीही रॅमचा दिवा पेटू शकतो.

आमच्या नेपरव्हिलच्या हिवाळ्यात एक भर घालावी लागते. जानेवारीत बाहेर शून्याखाली तापमान, घरात हीटर, त्यामुळे घरातली हवा पार कोरडी. गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. हा चटका माणसाला जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, आणि काही नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना इजा व्हायला १०० व्होल्टसुद्धा पुरतात. म्हणजे आपल्याला न जाणवलेला चटका भागाला लागलेला असू शकतो. रत्नागिरीच्या पावसाळ्यात हा प्रश्नच येत नाही, तिथे शत्रू गंज. तेव्हा इथे काम करताना गालिचा टाळा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, निदान डब्याच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावा.

मशीन सुरू होऊन विंडोज बसल्यावर खरी गुंतागुंत सुरू होते, कारण आता बिघाड वस्तूत आहे की तिच्या ड्रायव्हरमध्ये हे ठरवायचं असतं. यासाठी माझा आवडता उपाय म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. वस्तू त्याच, ड्रायव्हर पूर्ण वेगळे. वायफाय विंडोजमध्ये दिसत नाही आणि लिनक्समध्ये व्यवस्थित चालतं, तर कार्ड जिवंत आहे, विंडोजचा ड्रायव्हर शोधा. (नेटच नसताना ड्रायव्हर आणायचा कसा? फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट कॉम्प्युटरला द्या.) दोन्हीकडे मशीन कोसळतं, तर संशय वस्तूंवर. उलट बाजूनेही हेच करता येतं : संशयित ग्राफिक्स कार्ड चांगल्या चाललेल्या दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहायचं. मात्र निष्कर्ष मोजूनमापून काढा. लिनक्समध्ये तासभर नुसतं ब्राउझर उघडून बसलात आणि काही झालं नाही, याचा अर्थ वस्तू निर्दोष असा होत नाही. विंडोजमध्ये गेम खेळताना जेवढा भार होता, तेवढा इथे दिलात का?

ओळखीच्या एका घरातल्या हायस्कूलमधल्या मुलीने सुट्टीत कॉम्प्युटर जोडला. गेम खेळताना तो कोसळायचा, संदेश ग्राफिक्स ड्रायव्हरचा. वडिलांचं मत, कार्ड परत करावं. तिने चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि वहीत नोंदी ठेवल्या : काय बदललं, किती वेळ चाललं, काय झालं. ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाकला, फरक नाही. लिनक्समध्ये तितकाच भार दिला, तिथेही कोसळलं. मग बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी बंद केलं. इथे थोडं थांबायला हवं. खोक्यावर ६००० छापलेली रॅम आपण होऊन त्या वेगाने चालत नाही, ती कमी, प्रमाणित वेगाने सुरू होते. ६००० साठी एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची मांडणी चालू करावी लागते, आणि ती प्रोसेसरच्या हमी दिलेल्या मर्यादेपलीकडची असू शकते. ते बंद केल्यावर मशीन रात्रभर चाललं. बहुतेकांनी इथे वही मिटली असती. तिने दुसऱ्या दिवशी एक्सएमपी पुन्हा चालू केलं. मशीन अर्ध्या तासात कोसळलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा नीट चाललं. कार्ड परत गेलं नाही. बायोसची नवी आवृत्ती टाकल्यावर रॅम छापील वेगानेही चालू लागली.

मला महत्त्वाची वाटते ती बिघाड मुद्दाम परत आणण्याची पायरी. उपाय केल्यावर बिघाड गेला, एवढ्यावरून उपायामुळेच गेला असं ठरत नाही. त्याच वेळी खोली थंड झाली असेल, विंडोजने गुपचूप अपडेट घेतलं असेल, किंवा अधूनमधून येणारा बिघाड त्या दिवशी आलाच नसेल. उपाय काढून घेतल्यावर बिघाड परत आला आणि उपाय दिल्यावर पुन्हा गेला, तर मात्र कारण बऱ्यापैकी हाती लागलं. आयुर्वेदिक काढ्यापासून शेअर बाजाराच्या 'टिप'पर्यंत आपण ज्या ज्या गोष्टींना गुण देतो, त्यांतल्या किती या कसोटीला उतरतील? ही कसोटी माणसांवर लावणं अवघड असतं, कधी अनैतिकही. कॉम्प्युटरवर ती फुकट लावता येते. म्हणून तर ही शिकण्याची उत्तम जागा.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर किती महाग पडतं, याचा धडा आमच्याच गावाशी जोडलेला आहे. ४ईएसएस हे लांब पल्ल्याचे कॉल जोडणारं यंत्र बेल लॅब्सच्या नेपरव्हिलमधल्या इंडियन हिल केंद्रात विकसित झालं. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टीच्या जाळ्यातल्या न्यूयॉर्कमधल्या एका यंत्राने किरकोळ दोष दुरुस्त करायला क्षणभर काम थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. 'मी परत आलो' हे शेजारच्या यंत्रांनी नोंदवून घेत असतानाच त्यांच्याकडे दुसरा संदेश पोहोचला आणि तीही गोंधळून स्वतःला नव्याने सुरू करू लागली. ती परत आली की त्यांचे शेजारी तसेच कोसळत. साऱ्या ११४ यंत्रांवर ही लाट सुमारे ९ तास फिरत राहिली आणि जवळपास निम्मे कॉल लागेनात. मूळ सापडलं ते सी भाषेतल्या प्रोग्रॅममधल्या चुकीच्या जागी पडलेल्या एका 'ब्रेक' सूचनेत. यंत्रं धडधाकट होती. बिघडलेला होता तो बिघाडातून सावरण्याचा प्रोग्रॅम, आणि महिनाभर आधी तो सगळ्या यंत्रांवर चढवलेला होता. तुलना करायला जुन्या प्रोग्रॅमवर चालणारं एकही यंत्र जाळ्यात उरलं नव्हतं. एकाच वेळी सगळं बदललं की काय होतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

यावर आक्षेप येईल तो वेळेचा. दोन नोकऱ्या, मुलांचे क्लास, वीकेंडला मराठी शाळा. यात चार संध्याकाळी कुठून आणायच्या? आक्षेप रास्त आहे. उद्या सकाळी त्याच कॉम्प्युटरवर कामाची मीटिंग असेल, तर भाग परत करून मोकळे व्हा. खरोखर सदोष भाग परत करण्यातही काही वावगं नाही. पण कुठला भाग सदोष, हे माहीत नसताना परत केलेलं चांगलं कार्ड फिरून दुकानाच्या माथी येतं आणि तुमच्या घरी नव्या कार्डासह जुनाच बिघाड राहतो. दुसरा मार्ग हल्ली चॅटबॉटला विचारण्याचा. तो एका दमात पंधरा उपाय सांगतो, त्यांतले बरेचसे बरोबरही असतात. धोका ते पंधराही एका बैठकीत करून टाकण्यात आहे. मशीन चालू होईल, आणि पंधरांपैकी कशामुळे ते कधीच कळणार नाही. त्याला उपाय विचारण्यापेक्षा असं विचारा : "या दोन शक्यतांपैकी कुठली खरी, हे ठरवणारी एक चाचणी सांग."

तेव्हा या हिवाळ्यात तुमच्या घरात कोणी कॉम्प्युटर जोडायला बसलं, तर स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी एक वही ठेवा. मशीन बिघडलं तर एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहा. चालू झालं की शाबासकी द्याच, पण लगेच पुढचा प्रश्नही विचारा : "आता पुन्हा बंद पाडून दाखवशील?"