तांबोशीची पारख रंगावरून नको

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर तांबोशी अथवा तांब या नावाने ओळखली जाणारी मासळी खाणारांना प्रिय आहे आणि तिला भावही चांगला येतो. खारजमिनीत मत्स्यशेती करू इच्छिणारे शेतकरी अलीकडे या मासळीविषयी वारंवार विचारणा करतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु "तांबोशी म्हणजे नेमकी कोणती मासळी?" असा प्रश्न केला असता "जी तांबडी असते ती" एवढेच उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर अपुरे तर आहेच, शिवाय ते शेतकऱ्याला तोट्यात घालणारे आहे.

शास्त्रीय परिभाषेत या जातीस लुटजॅनस अर्जेंटिमॅक्युलॅटस असे म्हणतात. तांबड्या समुद्राच्या परिसरात मासे गोळा करणाऱ्या पीटर फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. तो १७६३ मध्ये येमेनमध्ये मरण पावला. त्याचा सहप्रवासी कार्स्टन नीबूर त्याच वर्षी मुंबईस येऊन पोचला आणि पुढे १७७५ मध्ये त्यानेच आपल्या दिवंगत मित्राची टिपणे प्रसिद्ध केली. नावाचा अर्थ 'रुपेरी ठिपक्यांची' असा आहे. म्हणजे आपण जिला तांबडी म्हणतो, तिला शास्त्राने रुपेरी म्हटले! रंगावर विसंबण्यात किती धोका आहे हे यावरूनही ध्यानी यावे.

वस्तुस्थिती अशी की, या मासळीचा रंग वयाप्रमाणे व पाण्याप्रमाणे पालटतो. खाडीतील मध्यम आकाराची तांबोशी पाठीवर हिरवट तपकिरी असते, बाजूंना तांबूस होत जाते आणि पोटाशी पांढुरकी दिसते. खोल समुद्रात सापडणारी तीच मासळी सर्वांगी लालसर असते. पिलांची गोष्ट तर निराळीच. त्यांच्या काळपट अंगावर सात-आठ पांढुरके उभे पट्टे असतात आणि गालावर एक-दोन निळ्या रेघा असतात. अशी पट्टेरी पिले पाहून त्यांना निराळ्याच मासळीची समजणारे लोक थोडेथोडके नाहीत.

मग पारख करावी कशी? पाठीवरील पर हाताने उभा करावा व त्यातील कठीण काटे मोजावेत. तांबोशीस ते दहा असतात. त्यामागे तेरा किंवा चौदा मऊ किरण येतात. पोटाकडील मागच्या परास तीन काटे व आठ मऊ किरण असतात. शेपटीची कड जवळजवळ सरळ, फार तर किंचित आत गेलेली असते. वरच्या जबड्यात पुढे सुळ्यांसारखे मोठे दात असतात. ते पाहताना बोट जपावे. शेवटी पाठीवरील खवल्यांच्या ओळी पाहाव्यात. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ जाते, तिला या ओळी निदान पराच्या काटेरी भागाखाली तरी समांतर असतात. खोल समुद्रातून येणारी लुटजॅनस मलबारिकस ही जातही लालच असते व बाजारात तिच्याच शेजारी मांडली जाते. परंतु तिच्या खवल्यांच्या ओळी तिरप्या वर चढतात आणि पाठीचे काटे अकरा भरतात. खाडीतच मिळणाऱ्या लुटजॅनस जॉनी या जातीचे काटे मात्र दहाच असतात. तेथे पाठीच्या मागल्या भागावरील मोठा काळा डाग शोधावा आणि प्रत्येक खवल्यावर काळा ठिपका आहे काय तेही पाहावे.

रायगडच्या खारेपाटात जिताड्याची तळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. तेथे जिताडा व तांबोशी यांची पिले एकत्र येण्याचा संभव असतो. जिताड्याची शेपटी गोलसर असते व पाठीवरील पराला मध्ये एवढी खोल खाच असते की, दोन पर असल्याचा भास व्हावा. त्याच्या जबड्यात सुळेही नसतात. एवढे माहीत असले तरी निम्मे काम होते.

ही उठाठेव कशासाठी, असे काही शेतकरी विचारतील. तांबोशी ही मांसाहारी मासळी आहे. ती कोळंबी, खेकडे व लहान मासे खाते, आणि शिकारीस बहुधा रात्री निघते. भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीतून तिची पिले तळ्यात शिरली आणि मालकाने त्यांना निरुपद्रवी समजून राहू दिले, तर कोळंबीचे पीक कोणी फस्त केले हे त्याला तळे उपसल्यावरच कळते. उलटपक्षी तांबोशीच वाढवावयाची असेल, तर लाल पिलांच्या शोधात फिरणारा शेतकरी जाळ्यात आलेली पट्टेरी पिले फेकून देतो! थायलंड, मलेशिया व फिलिपीन्स या देशांत ही मासळी तळ्यांत व पिंजऱ्यांत वाढविली जाते. तेथील शेतकऱ्यास बीज ओळखता येते. आपल्या शेतकऱ्यास ते येऊ नये असे काही नाही.

आणखी एक बाब या पारखीशी निगडित आहे. तांबोशीचे बाळपण तिवरांच्या मुळांशी, खाडीत व नदीमुखाशी जाते. मोठी झाल्यावर ती खोल समुद्रातील खडकांकडे जाते व तिकडेच अंडी घालते. खाडीतील पट्टेरी पिलू व समुद्रातील लाल मासा ही एकच जात आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तिवरे तोडल्याने समुद्रातील मासळी का घटावी याचा उलगडा होत नाही. पिलांनी भरलेले बारीक आसाचे जाळे ओढणाराही स्वतःच्याच पुढील हंगामाला हात घालीत असतो.

मासळी ओळखणे हे मत्स्यव्यवसाय खात्याचे काम, कृषी कार्यकर्त्यांचे नव्हे, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. तो पटण्यासारखा नाही. भातावरील तुडतुडे व खोडकिडा यांत भेद करण्यास कार्यकर्ता शिकतो. मग ज्या गावात भाताच्या खाचराला लागूनच मत्स्यतळे आहे, तेथे त्याने दहा व अकरा काट्यांतील भेद शिकू नये हे कोणते शास्त्र? 'लाल मासळी' अशी मोघम नोंद तर सर्वथा बंद व्हावी. लुटजॅनस वंशातील बोहार ही प्रवाळखडकांवरील जातही लालच असते, आणि तिच्या मांसात काही ठिकाणी सिग्वाटेरा नावाचे विष साठते. ते शिजवूनही जात नाही. टोपलीवर सरसकट एकच नाव असेल तर गिऱ्हाइकाने काय समजावे?

खाडीकाठच्या गावांतील कार्यकर्त्यांनी यासाठी किनाऱ्यावरील मासे विकणाऱ्या बायकांकडे जावे. लहानमोठ्या मासळीची जेवढी स्थानिक नावे त्यांच्या तोंडी आहेत तेवढी कोणत्याही कचेरीत नाहीत. प्रत्येक नावासमोर काट्यांची संख्या, शेपटीचा आकार, खवल्यांच्या ओळींची दिशा, सापडल्याचे ठिकाण व लांबी लिहावी. रंग लिहिणे झाल्यास मासळी ताजी असताना लिहावा, कारण बर्फात ठेवल्यावर तो फिका पडतो. पिलू सापडल्यास पट्टे मोजून शेजारी साधे रेखाचित्र काढावे, आणि संशय असेल तर ते पिलू बर्फात घालून जवळच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याकडे न्यावे.