ॲडमिन कॉस्ट किती हो तुमची?

आमच्या ऑफिसात वर्षातून एका शनिवारी समाजसेवा असते. म्हणजे बस येते, टीशर्ट मिळतो (माझ्या वाट्याला नेहमी एक्सएल), कुठल्यातरी टेकडीवर शंभरेक जण झाडं लावतो नाहीतर एखाद्या शाळेची भिंत रंगवतो, मग फोटो, वडापाव, परत बस. यंदा बसमध्ये विषय निघाला की एवढे पैसे सरळ एखाद्या छोट्या संस्थेला का देत नाहीत? चांगला विषय होता. पण एकाने लगेच विचारलं, "त्यांची ॲडमिन कॉस्ट किती असते पण? मी तर झिरो ॲडमिनवालीच संस्था बघतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य मी गेल्या चार-पाच वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आज त्यावर लिहायचंच ठरवलं.

गंमत बघा. हे विचारणारे आपण कोण? आपला माऊस बिघडला तर आपण तिकीट टाकतो. पगाराची स्लिप एका पोर्टलवर, रजा दुसऱ्या, टॅक्सचे कागद तिसऱ्या, आणि प्रत्येक पोर्टलमागे एक डिपार्टमेंट. प्रोजेक्ट नसेल तर दोन-दोन महिने बेंचवर बसून पगार घेतो. आणि दोन खोल्यांत चाळीस मुलांची अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेला आपण म्हणतो, तुमचा ऑफिसचा खर्च शून्य पाहिजे!

मी दोन वर्षं शनिवारी अशाच एका अभ्यासिकेत आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. दोन ताया मानधनावर आहेत, आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका खजिनदार आहेत. माझं टेबल त्यांच्या कपाटाला लागून. त्यामुळे गणित शिकवता शिकवता संस्था नावाचं प्रकरण कशावर चालतं ते मला दिसत गेलं. ते प्रेमावर, तळमळीवर वगैरे चालत असेलच. पण मुख्यतः ते फायलींवर चालतं.

महाराष्ट्रात ट्रस्ट म्हटला की पहिलं दार धर्मादाय आयुक्तांचं. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. दर वर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करायचे, ऑडिट करून घ्यायचं, वेळेत दाखल करायचं. एखादा विश्वस्त बदलला, वारला, तर ९० दिवसांत बदल अर्ज. हे ऐकायला सोपं वाटतं. पण छोट्या संस्थेत संस्थापक वारले की सगळे रडतात, शोकसभा होते, आणि बदल अर्ज कोणालाच आठवत नाही. मग काही वर्षांनी बँकेत सही बदलायला गेलं की बँक म्हणते परिशिष्ट एकचा ताजा उतारा आणा, आणि त्या उताऱ्यावर अजून वारलेल्या माणसाचंच नाव! तिथून पुढे वकील, प्रतिज्ञापत्र, तारखा... तोवर खात्यात पैसे असून दोन्ही तायांचं मानधन थांबतं.

दुसरं दार आयकराचं. पूर्वी ट्रस्टची आयकरातली नोंदणी एकदा झाली की झाली. २०२० च्या वित्त कायद्याने ते बदललं, १ एप्रिल २०२१ पासून अंमल सुरू झाला. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं जुन्या संस्थांनाही पुन्हा अर्ज करावा लागला, आणि नोंदणी पाच-पाच वर्षांची झाली. अर्जाच्या मुदती इतक्या वेळा वाढवल्या गेल्या की शेवटची नक्की कुठली हे लोकांना सीएला विचारावं लागायचं. २०२५ च्या बजेटात थोडा दिलासा मिळाला, ज्यांचं उत्पन्न ५ कोटींच्या आत आहे त्यांच्या नोंदणीची मुदत दहा वर्षं झाली. बरं झालं. पण देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून जी मान्यता लागते, जिला सगळे एटी-जी म्हणतात, तिचं प्रकरण वेगळं. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत. लोक एटी-जीच म्हणणार याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.)

आणि मग देणगीदारांची यादी. हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा, कारण इथे त्रास देणारे आपणच असतो. २०२१-२२ पासून संस्थेला प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरं ओळखपत्र आणि रक्कम अशी यादी ३१ मेच्या आत ऑनलाइन भरावी लागते. फॉर्म १०बीडी म्हणून ती ओळखली जाते. ती भरल्याशिवाय देणगीदाराला करसवलतीचं प्रमाणपत्र देता येत नाही, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी. आता आपण काय करतो? वाढदिवसाला क्यूआर कोड स्कॅन करून ५०० रुपये टाकतो, नाव नाही, फोन नाही, आणि छान वाटून घेतो. इकडे काकांच्या बँक स्टेटमेंटवर बारा आकड्यांचा एक नंबर आणि अर्धवट यूपीआय आयडी उमटतो. काका एप्रिलभर डिटेक्टिव्हगिरी करतात. "अगं, हा 'रॉकस्टार९२' कोण असेल?" मी हसले होते तेव्हा, काका हसले नव्हते. कारण देणारा कोण ते कळलं नाही तर ती देणगी निनावी धरली जाते, आणि अशा देणग्या ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या तर त्यावर ३० टक्के कर बसू शकतो.

याशिवाय दर्पण पोर्टलवरची नोंद, कंपन्यांकडून पैसे घ्यायचे असतील तर सीएसआर-१ हा फॉर्म (तोही १ एप्रिल २०२१ पासून), प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड आणि ओटीपी. ओटीपी कुठे जातो? ज्या विश्वस्ताने २०१८ मध्ये नंबर बदलला त्याच्या जुन्या मोबाइलवर.

हे सगळं म्हणजे ॲडमिन कॉस्ट. ती शून्य असते तेव्हा काम शून्य नसतं. ते काम कोणीतरी सत्तरीला आलेला माणूस फुकटात, स्वतःच्या रिक्षाच्या पैशांनी करत असतो, एवढाच त्या शून्याचा अर्थ. तो माणूस थकला की ताळेबंदात काहीच दिसत नाही. दोन वर्षांनी एकदम दिसतं, नोंदणी गेलेली असते.

कंपन्यांचा पैसा इथे फारसा उपयोगी पडत नाही हेही सांगितलं पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, आणि त्यातून खरोखर चांगली कामं उभी राहिली आहेत. पण तो पैसा प्रोजेक्टचा. त्यातून चाळीस टॅब्लेट येतात, टॅब्लेटचा हिशेब ठेवणारा माणूस येत नाही. शिवाय कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे नवी, छोटी संस्था दाराबाहेरच. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांना नवीन डेव्हलपमेंट हवंय, प्रॉडक्शन सपोर्ट कोणालाच नकोय. रात्री तीनला सर्व्हर पडला की फोन कोण उचलतो हे ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.

आपल्याकडे पूर्वी याबाबतीत जरा बरी समज होती असं मला वाटतं. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची गोष्ट आठवा. माणशी एक पैसा, गावोगाव फिरून. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्व्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं आणि पुन्हा लहान लहान वर्गण्या गोळा करायला लागले. वर्गणी हा किती चांगला शब्द आहे! देणगी एकदा द्यायची असते, वर्गणी दर महिन्याला किंवा दर वर्षाला. आणि वर्गणीचे पैसे कुठल्याही एका टॅब्लेटला बांधलेले नसतात. १९८६ मध्ये अनिल आणि अनिता अवचटांचं मुक्तांगण सुरू झालं ते पुलंनी आणि सुनीताबाईंनी दिलेल्या पैशांच्या बळावर. अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून त्यांनी ते दिले. काम आणि माणसं बघून दिलेले पैसे होते ते.

आजही असे लोक आहेत. 'लोकसत्ता'ने २०११ साली गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' सुरू केलं, दर वर्षी दहा संस्थांची नीट ओळख करून द्यायची आणि वाचकांनी पैसे पाठवायचे. पुण्यात वीणा गोखले यांनी २००५ मध्ये 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन सुरू केलं, तेही पितृपक्षात. छोट्या संस्थांचे स्टॉल, समोर कार्यकर्ता बसलेला, विचारा काय विचारायचं ते. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिथे टक्केवारी विचारायच्या आधी समोरचा माणूस दिसतो.

मग आपण काय करायचं? आयटीवाल्याच्या डोक्यात पहिलं उत्तर तयारच असतं. "ॲप बनवू या!" नको. हात जोडून सांगते, नको. आपल्यापैकी कोणीतरी उत्साहाने दोन वीकएंड बसून वेबसाइट करून देतो, डोमेन स्वतःच्या क्रेडिट कार्डवर घेतो, मग ऑनसाइट जातो. डोमेन संपतं, ॲडमिनचा पासवर्ड न्यू जर्सीत, आणि संस्थेच्या पत्त्यावर आता कसल्यातरी रमीची जाहिरात दिसते. काकांकडे अशा दोन वेबसाइटांच्या कथा आहेत, वेगवेगळ्या संस्थांच्या. त्यापेक्षा संस्थेच्या नावाचा एक ईमेल उघडून द्या. गूगल, मायक्रोसॉफ्ट दोघांच्या सेवाभावी संस्थांसाठी फुकट किंवा सवलतीच्या योजना आहेत, फक्त अर्ज भरायला कोणीतरी बसावं लागतं. सगळी पोर्टलं त्या ईमेलवर आणा. मुदतींचं एक कॅलेंडर. जुन्या पावतीपुस्तकांचे स्कॅन. स्टेटमेंट आणि पावत्या जुळवणारी एक एक्सेल शीट, जी काकांना समजेल अशी. अत्यंत कंटाळवाणं काम आहे, लिंक्डइनवर टाकण्यासारखं त्यात काही नाही.

आणि पैसे द्या, दर महिन्याला, ऑटोपेने, कशासाठी ते न सांगता. तीस जणांनी ५०० रुपये दिले तर महिन्याला १५,००० होतात. त्यात अर्धवेळ हिशेबनीस बसतो. करसवलतीचं म्हणाल तर ती आता आपल्यातल्या बऱ्याच जणांना मिळतच नाही, कारण नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू असते आणि तिच्यात एटी-जी नाही. म्हणजे मार्चमध्ये पावतीसाठी धावणारे कमी होणार. तरीही पैसे पाठवताना नाव, पत्ता, पॅन कळवा, ती यादी भरायची आहेच. परदेशातल्या मित्रमंडळींसाठी एक सूचना: तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात, मग तुमचा जन्म सदाशिव पेठेतला का असेना. आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. प्रेमापोटी पाठवलेले हजार डॉलर त्या संस्थेला चांगलेच गोत्यात आणू शकतात.

आता कोणी म्हणेल, म्हणजे विचारायचंच नाही का काही? सगळ्या संस्था काय साधुसंत आहेत? अजिबात नाहीत. कागदावरच्या संस्था आहेत, घरातलेच पाच विश्वस्त असलेल्या आहेत, अध्यक्षांच्या गाडीचं पेट्रोल 'आदिवासी कल्याण'मध्ये टाकणाऱ्याही असतील. म्हणून जरूर विचारा. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब दाखवा म्हणा. विश्वस्त कोण आहेत, एकमेकांचे कोण लागतात, पावतीवर नंबर आहे का, शेवटची सभा कधी झाली, हे विचारा. एखाद्या दुपारी न कळवता जाऊन बसा. ॲडमिन कॉस्टही विचारा. फक्त उत्तर "शून्य" आलं तर खूश होण्याऐवजी पुढचा प्रश्न विचारा, की मग हे सगळं करतं कोण, आणि त्यांचं वय काय?

आमच्या काकांचं एकाहत्तर. डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. संस्थेला आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारा, टॅली येणारा, मराठी लिहिता येणारा माणूस हवा आहे. मानधन थोडं आहे, पण आहे. कोणाची बहीण, काकू, शेजारी कॉमर्सच्या असतील आणि सिंहगड रोडच्या आसपास राहत असतील तर मला जरूर कळवा. दसऱ्याच्या आधी कळवलंत तर काका स्वतः फायली समजावून देतील.